कमी धुळीचे पॅड

रविवारी धुतलेली चाकं
बुधवारी पुन्हा काळी.
चंदेरी अलॉय, सतरा इंची,
गाडीच्या हप्त्यांपेक्षा जास्त जपलेली,
आणि त्यांच्यावर काजळाहून बारीक पूड.
शाम्पूनं जात नाही,
नखात मात्र लगेच जाते.

"वर गुलाल, खाली बुक्का,"
माझ्या तांबड्या गाडीकडं बघून पारिसा मगदूम म्हणाले,
आणि उद्यमनगरातल्या त्यांच्या बोळवजा दुकानात
काउंटरवर तीन खोकी मांडली.

"हे कंपनीचं. धातू जास्त.
चावतंय झकास, तापलं तरी डगमगत न्हाई,
पण काळं सोडणारच.
हे ऑरगॅनिक. गरीब जात. आवाज न्हाई, तक्रार न्हाई,
पन्हाळ्यावरनं दाबत खाली आलीस तर मात्र माघार घेतंय.
आणि हे सिरॅमिक.
धूळ थोडी, ती पण राखेगत फिकी.
गार असताना पहिला दाब जरा आळसात.
दर विचारू नको, आधी चहा घे."

मी दर विचारला.
मग चहा घेतला, दोन कप.

"चालवतीस कुठं?"
"ताराबाई पार्कातनं बँक, बँकेतनं घर."
वाघबीळची वळणं मी सांगितली नाहीत,
रविवारी साडेपाचची, रिकामी,
तिसऱ्या गिअरमधली.
त्यांनी जुने पॅड हातात फिरवले.
कडा निळ्या पडलेल्या.
"बँक लय उतारावर हाय वाटतं," म्हणाले.

आबा एकतीस वर्षं फौंड्रीत होते.
ब्रेकचे ड्रम ओतायचे, कुणाकुणाच्या ट्रकांचे.
आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची
आणि ते पाणी तुळशीपासून लांब ओतायची.
माझ्या प्रगतिपुस्तकात त्यांच्या सहीशेजारी
अंगठाही उमटायचा,
न मागता.
बाईंनी एकदा विचारलं होतं, वडील शिकलेले नाहीत का.
मी काहीच बोलले नव्हते.

सिरॅमिक घेतले.

दस्तगीर मिस्त्रीनं चाक उतरवलं,
हवेचा पाइप बाजूला टाकला, ओलं फडकं घेतलं.
"फुंकायचं न्हाई ताई. ही पूड छातीत घर करती."
मला आबांचा खोकला आठवला असं म्हणणार होते,
पण आठवायला तो कधी थांबलेला नाही.

"आता पॅड बसवून घ्या.
साठावरनं दहावर, तीसदा.
पुरतं थांबायचं न्हाई, परत उचलायची."

पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला आबा शेजारी,
मांडीवर बोटं टेकून मोजत.
अकरा, बारा.
जळक्या रबरासारखा वास आला
तेव्हा मी काच खाली घेतली, त्यांनी वर.
"असू दे," म्हणाले, "ओळखीचा हाय."
एकोणिसाव्याला आडव्या म्हशी.
पुरतं थांबावं लागलं.
त्यातली एक बॉनेटला नाक लावून उभी राहिली,
आणि आबा हसायच्या नादात आकडा विसरले.
आम्ही बाविसापासून सुरू केलं.
बाविसच का, ते दोघांनीही विचारलं नाही.

तीन आठवडे झाले.
चाकं बुधवारीही चंदेरी, शुक्रवारीही.
मी किल्ली फिरवत आबांना दाखवायला नेलं,
अगदी प्रगतिपुस्तक दाखवावं तसं.

ते गुडघा धरून खाली बसले.
चारी चाकांत एकेक बोट घातलं,
चिमटीत चोळलं,
साच्याची रेती ओली किती बघायचे तसं,
डोळे मिटून.

"चांगलंय.
पण पुढचं डावं जरा जास्त बोलतंय.
पिन अडकत असंल. दस्तगीरला दाखव."

मला चारी चाकं सारखी दिसत होती.
मी वाकून पाहिलं, मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं.

बोट त्यांनी लेंग्याला पुसलं,
तिथंच, उजव्या मांडीवर,
नेहमीच्या जागी.